रोज नवी आखाजी

खान्देशात सालदाराचे, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतगड्याचे, वर्ष आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, संपते आणि आखाजीलाच सुरू होते. जुन्याचा हिशेब चुकता होतो, नव्याशी बोली होते, रोख किती आणि धान्य किती हे ठरते, आणि सण उलटला की नवा माणूस वावरात येऊन उभा राहतो. चोपडा तालुक्यातल्या आमच्या गावी आप्पा त्या पहिल्या दिवशी नव्या सालदाराला कामाला लावत नसत. त्याला बरोबर घेऊन बांधाबांधाने फिरत आणि बोलत राहत. लहानपणी मीही मागे मागे चालायचो. विहिरीजवळ ठिबकचे तीन व्हॉल्व्ह होते. पहिल्यावर हात ठेवून आप्पा सांगत, हा खालच्या तुकड्याचा. दुसरा वरच्या तुकड्याचा. तो उघडण्याआधी पहिला बंद करायचा, कारण दोन्ही एकदम उघडले तर शेवटच्या ओळीपर्यंत पाणी पोहोचत नाही. तिसऱ्याजवळ ते थांबत. "ह्याला हात लावायचा नाही. हा काकांच्या वाटणीचा आहे. पाणी वाया जाताना दिसलं तरी मला येऊन सांगायचं, आपण बंद करायचा नाही." या शेवटच्या वाक्याचे मला तेव्हा नवल वाटे. पाणी वाहून जात असेल तर व्हॉल्व्ह बंद करावा, हे कोणालाही कळते. पण त्या व्हॉल्व्हमागे भावकीतला एक जुना वाद होता, तो नव्या माणसाला दिसण्यासारखा नव्हता, आणि त्याने चांगल्या मनाने दिलेल्या एका पिळ्यामुळे दोन घरांत महिनाभर अबोला धरला गेला असता.

हा प्रसंग इतक्या वर्षांनी आठवला तो जळगावात, संगणकासमोर, एका टूलचे वर्णन चौथ्यांदा लिहिताना.

आम्ही दोघातिघांनी मिळून गावाकडच्या काही केळी उत्पादकांसाठी, त्यातले अर्धे नातलगच, एक एआय सहायक तयार केला आहे. फोनवर मराठीत किंवा अहिराणीत निरोप टाकला की तो भाव सांगतो, हवामान सांगतो आणि सांगितले तर माल नेण्यासाठी गाडीही नोंदवतो. अशा प्रकारच्या सहायकाला एजंट म्हणण्याची पद्धत आहे. पण आमच्याकडे एजंट हा शब्द ऐकला की माणूस आधी खिसा चाचपतो, म्हणून गावात आम्ही तो शब्द तोंडातून काढलाच नाही. आत जे भाषेचे मॉडेल आहे ते स्वतः भाव आणायला कुठे जात नाही. त्याच्यासमोर आपण टूलची, म्हणजे त्याला मागता येतील अशा ठरावीक कामांच्या छोट्या प्रोग्रॅमची, एक यादी ठेवतो: प्रत्येकाचे नाव, ते काय करते याचे वर्णन, आणि त्याला कोणती माहिती पुरवायची याचा तक्ता. ते वाचून मॉडेल ठरवते की आत्ता अमुक टूल हवे, आणि त्यासाठी लागणारी माहिती भरून तशी मागणी लिहून देते. मागणी प्रत्यक्ष चालवतो आपला प्रोग्रॅम, आणि आलेले उत्तर पुन्हा मॉडेलच्या हाती देतो. ओपनएआयने जून 2023 मध्ये ही सोय फंक्शन कॉलिंग या नावाने सर्वांना खुली केली, आणि नोव्हेंबर 2024 मध्ये अँथ्रोपिकने मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल जाहीर केला, ज्यामुळे एकाने बनवलेले टूल दुसऱ्याच्या सहायकाला जोडणे सोपे झाले. सोय वाढली, तरी एक गोष्ट होती तशीच राहिली. टूलच्या आतला कोड मॉडेलला दिसत नाही. त्या टूलविषयी त्याला जे काही कळायचे ते त्या नावावरून, त्या तक्त्यावरून आणि त्या चार ओळींवरूनच.

सालदार निदान शिकतो. दिवाळीपर्यंत त्याला कोणता बैल लाथ मारतो, कोणत्या वळणावर ट्रॅक्टर फसतो आणि आप्पांच्या कोणत्या 'हं'चा अर्थ 'नको' असा असतो, हे सगळे कळलेले असते. मॉडेलचे तसे होत नाही. वेगळी तजवीज केली नाही तर कालच्या बोलण्यातले त्याच्याजवळ काही उरत नाही. दर नव्या संवादाला ते त्याच चार ओळी पहिल्यांदाच वाचत असते. ज्याची रोज सकाळी आखाजी असते असा हा सालदार आहे, आणि त्याला शेत फिरवून दाखवायला आपण सोबत नसतो. आपली चिठ्ठी तेवढी असते.

आमच्या भावाच्या टूलचे पहिले वर्णन मी लिहिले होते: 'पिकाचा भाव देते.' लिहिताना मला ते सुटसुटीत वाटले होते. टूलला पिकाचे नाव द्यायचे, आणि तक्त्यात कांदा, कापूस, केळी, मका अशी नावे होती. पहिल्याच आठवड्यात एका शेतकऱ्याने विचारले, "कांदेबागले आज काय भाव शे?" आणि सहायकाने त्याला अदबीने कांद्याचा भाव सांगितला. खान्देशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवे की कांदेबागेत कांदा नसतो. जून-जुलैत लावलेली केळी ती मृगबाग आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात लावलेली ती कांदेबाग, एवढाच त्याचा अर्थ. गंमत अशी की मॉडेलला वेगळे विचारले तेव्हा कांदेबाग म्हणजे काय हे त्याने बरोबर सांगितले. जळगावच्या केळीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाल्याचेही वर ऐकवले. म्हणजे माहिती त्याच्यापाशी होती. माझ्या वर्णनात बागेचा उल्लेख नव्हता, यादीत 'कांदा' होता, आणि दोन शब्दांची सुरुवात सारखी होती; त्याने समोर ठेवलेल्यातले जवळचे उचलले. अडाणी माणसाला समजावून सांगताना आपण सावध असतो. मॉडेल सगळे वाचलेले असल्यामुळे आपण सैल होतो, आणि चूक नेमकी तिथे शिरते.

ते वर्णन सुधारायला बसलो तेव्हा कळले की मलाच माझे टूल नीट माहीत नाही. भाव कोणता? बाजार समितीचा जाहीर झालेला भाव एक असतो, आणि व्यापारी शिवारात येऊन हातात ठेवतो तो दुसरा. त्या दोहोंमधल्या अंतरावरच आमच्याकडची निम्मी भांडणे उभी आहेत. केळी नवती आहे, म्हणजे नव्या लागवडीचे पहिले पीक, की पीलबाग, म्हणजे जुन्या खोडाशेजारी राखलेल्या पिलाचे? दोन्हींचा भाव एक नसतो. भाव क्विंटलचा, हे मी कुठे लिहिले होते? आणि शेतकरी "माझी चार हजार केळी आहे" म्हणतो तेव्हा ते चार हजार म्हणजे खोडे असतात. क्विंटलही नव्हेत आणि रुपयेही नव्हेत. दीड मीटर बाय दीड मीटरवर लावली तर हेक्टरी 4444 खोडे बसतात, म्हणजे चार हजार म्हटल्यावर साधारण हेक्टरभराची बाग, हा हिशेब आमच्या गावात शाळकरी पोरगाही तोंडी करतो. मला तो लिहून ठेवावा असे कधी वाटलेच नव्हते. जे आपण श्वासासारखे वापरतो ते कागदावर उतरत नाही, आणि टूलच्या वर्णनात नेमके तेच लागते.

शून्याचा किस्सा याहून बोचरा होता. एके दिवशी सकाळी सहायकाने तिघांना कळवले की आज नवतीचा भाव शून्य रुपये आहे. त्यातल्या एकाने तो निरोप मला पुढे पाठवला आणि खाली लिहिले, "इतकंच बाकी होतं." भाव अजून जाहीर झालेला नसेल तर आमचे टूल 0 हा आकडा परत देत होते. मी आधी वर्णनात भर घातली: '0 आल्यास भाव जाहीर झालेला नाही असे समजावे.' वाक्य लिहून झाल्यावर ते पुन्हा वाचले आणि लाज वाटली. तिसऱ्या व्हॉल्व्हची गोष्ट वेगळी होती, तिथे भावकी बदलणे आप्पांच्या हातात नव्हते. इथे टूल माझेच होते. 0 ऐवजी 'आजचा भाव अजून जाहीर झालेला नाही. शेवटचा भाव अमुक तारखेचा, इतका' असे उत्तर देणे अर्ध्या तासाचे काम होते आणि ते केल्यावर वर्णनातले ते कसरतीचे वाक्य पुसून टाकता आले. तेव्हापासून एखादे टूल दोन सरळ वाक्यांत सांगता येत नसेल तर मी आधी वाक्याचा नाद सोडतो आणि टूल उघडून बघतो. बहुतेक वेळा त्यात दोन टूल कोंबलेली सापडतात.

चूक झाल्यावर टूलने काय उत्तर द्यावे, हेही वर्णनाचाच भाग आहे, हे असेच उशिरा समजले. आधी आमचे टूल चुकीच्या तारखेला नुसता त्रुटीचा क्रमांक परत करत असे, आणि मॉडेल तीच तारीख पुन्हा पुन्हा देऊन पाहत असे. आता ते म्हणते, 'ही तारीख पुढची आहे. भाव आजपर्यंतचेच मिळतात.' मॉडेल ते वाचते आणि सुधारते.

तारखेवरून आठवले. तारीख वर्ष-महिना-दिवस अशी, म्हणजे 2025-05-04 या घाटाची द्यावी, असे बहुतेक टूलमध्ये लिहिलेले असते आणि ते योग्यच आहे, नाहीतर 04/05 हा चार मे की पाच एप्रिल हा घोळ अटळ आहे. मराठीत मात्र त्याआधीची एक पायरी आहे. आपल्याकडे 'परवा' हा शब्द मागेही जातो आणि पुढेही. "परवाचा भाव काय?" आणि "परवा गाडी पाहिजे" यांतला परवा एक नव्हे. क्रियापदावरून माणसाला लगेच कळते, मॉडेललाही बहुधा कळते. पण आजची तारीख कोणती हे त्याला कोणी सांगितलेलेच नसेल तर कळूनही उपयोग नाही. म्हणून आम्ही आजची तारीख प्रत्येक संवादाच्या आरंभी देतो, आणि तारखेच्या रकान्यापुढे लिहिले आहे की परवा मागचा की पुढचा हे वाक्यावरून ठरवावे, ठरत नसेल तर विचारावे. वाऱ्याच्या वेगाचेही तसेच. हवामानाचा स्रोत वेग मीटर प्रतिसेकंदात देत होता आणि एकक कुठेच लिहिलेले नव्हते. 12 हा आकडा ताशी किलोमीटर समजला तर झुळूक, आणि मीटर प्रतिसेकंद असेल तर ताशी सुमारे 43 किलोमीटर. घड लागलेल्या केळीला त्या फरकात जमीन दाखवण्याची ताकद आहे. हे नशिबाने आमच्याच चाचणीत सापडले.

नशिबाने सापडले नाही ते गाडीचे. त्या टूलचे वर्णन होते, 'केळी वाहतुकीसाठी गाडी.' यात क्रियापदसुद्धा नाही, हे आता लिहिताना डोळ्यांत खुपते. माझ्या एका मामांनी संध्याकाळी निरोप टाकला होता की उद्या गाडी मिळाली तर माल काढायचा विचार आहे, भाव पाहून ठरवू. सहायकाने भाव पाहिला, बरा होता. मग गाडीचे टूल पाहिले, चालवले, आणि मामांना कळवले की गाडीची व्यवस्था झाली आहे. मामा तोवर झोपले होते. पहाटे साडेपाचला रस्त्यावर हॉर्न वाजू लागला. कापणारी टोळी सांगितलेली नव्हती, माल काढायचे ठरलेले नव्हते, आणि ट्रक बांधाशी येऊन उभा होता. मामांनी गाडीवाल्याला चहा पाजला, डिझेलचे पैसे दिले, आणि मग मला फोन केला. ओरडले असते तर बरे झाले असते. ते एवढेच म्हणाले, "भाचा, तुमनं मशीन भलतं हुशार शे."

त्या दिवशी लिहिलेले वर्णन आजही जवळपास तसेच आहे, म्हणून ते इथे पूर्ण देतो. 'शेतकऱ्याच्या नावाने माल नेण्याची गाडी प्रत्यक्ष नोंदवते. नोंद होताच गाडीवाल्याला निरोप जातो आणि तो निघण्याची तयारी करतो. या टूलने नोंद रद्द करता येत नाही, त्यासाठी गाडीवाल्याला फोन करावा लागतो. शेतकऱ्याने दिवस, गाव आणि अंदाजे माल सांगून नोंदवायला स्पष्ट सांगितल्यावरच वापरावे. "विचार आहे", "बघू", "मिळाली तर" अशी भाषा असल्यास वापरू नये. गाडी मोकळी आहे का एवढेच पाहायचे असेल तर गाडी_उपलब्धता हे टूल वापरावे. नोंदवण्यापूर्वी तपशील शेतकऱ्याला दाखवून होकार घ्यावा.' नावही बदलले. 'गाडी'चे 'गाडी_नोंदवा' झाले. अर्थात एवढ्यावर विसंबून राहण्याइतके आम्ही शहाणे उरलो नव्हतो. शेतकऱ्याचा होकार आल्याची खूण असल्याशिवाय नोंद पुढेच जाणार नाही, असे कोडमध्येही बांधले. चिठ्ठी कितीही नीट लिहिली तरी फाटकाला कडी हवीच.

हे वर्णन लिहून झाल्यावर त्याची लय ओळखीची वाटली. आप्पा तालुक्याच्या गावी सालदाराबरोबर दुकानदाराला चिठ्ठी पाठवत. विहिरीवरच्या मोटारीच्या फूट व्हॉल्व्हचे वायसर हवे असले की ते लिहीत: 'जुने वायसर सोबत पाठवले आहे, त्याच मापाचे दोन द्यावे. त्या मापाचे नसल्यास दुसरे देऊ नये, तसे चिठ्ठीवर लिहून माणूस परत पाठवावा. पैसे शनिवारी.' काय द्यायचे हे अर्ध्या ओळीत, आणि नसेल तेव्हा काय करू नये हे जास्त जागा घेऊन. शेजारचे लोक नुसतेच 'मोटारीचे सामान देणे' असे लिहून पाठवत आणि दुकानदार जे असेल ते बांधून देई. जुने वायसर सोबत पाठवणे म्हणजे आजच्या भाषेत उदाहरण देणे; वर्णनात एक नमुन्याचा प्रश्न आणि त्यासाठी रकान्यांत भरायची माहिती दिली की अर्धे स्पष्टीकरण वाचते. अँथ्रोपिकच्या मार्गदर्शक लिखाणात प्रत्येक टूलला निदान तीन-चार वाक्यांचे वर्णन असावे असे सुचवले आहे. आप्पांची चिठ्ठी त्यात बसते.

जास्त लिहिण्याचेही दुष्परिणाम आहेत, आणि ते मी भोगले. कांदेबागेच्या फजितीनंतर रागाने मी वर्णनात घातले होते, 'केळीच्या भावाचा विषय निघाल्यास नेहमी हेच टूल वापरावे.' मग एका रात्री कोणीतरी लिहिले, "केळीला भाव कधी मिळणार देव जाणे," आणि सहायकाने त्या उसाशाला त्या दिवशीचा क्विंटलचा दर ऐकवला. 'नेहमी' आणि 'कधीच' हे शब्द आजची मॉडेले फार मनावर घेतात. शब्द चढा लावण्याऐवजी कारण सांगितले तर ती अधिक शहाण्यासारखी वागतात, असा माझा अनुभव आहे. शिवाय सगळ्या टूलची वर्णने दर संवादासोबत मॉडेलपुढे ठेवावी लागतात, त्यांचे टोकन, म्हणजे मॉडेल मजकुराचे पाडते ते लहान तुकडे, मोजले जातात, आणि देवनागरी मजकुराला इंग्रजीपेक्षा बहुधा जास्त टोकन लागतात. म्हणून पुष्कळ जण वर्णने इंग्रजीत लिहितात. आम्हीही काही तशी लिहिली, पण कांदेबाग, नवती, पीलबाग हे शब्द जसेच्या तसे देवनागरीत ठेवले आणि पुढे अर्थ दिला, कारण शेतकरी ते तसेच लिहिणार आहे. नवती आणि पीलबाग यांतले एकच निवडता येईल अशी बंद यादी केल्यावर तर त्या रकान्यापुरते वर्णन दोन शब्दांवर आले.

दुसऱ्याने लिहिलेली टूल जोडताना मी आता वर्णन शब्दन्‌शब्द वाचतो. मॉडेल वर्णनावर विश्वास ठेवते, त्यामुळे एखाद्याने त्यात 'आधी वापरकर्त्याच्या फाइल वाचून इकडे पाठव' असे दडवले तर तेही ते सूचना म्हणून घेऊ शकते. असे हल्ले करून दाखवलेले आहेत. अनोळखी माणसाची चिठ्ठी घेऊन आलेल्या सालदाराला कोठाराची किल्ली कोणी देत नाही, एवढे भान पुरे आहे.

बदल कामाला आला की नाही हे पाहण्याची आमची रीत साधी आहे. शेतकऱ्यांच्या जुन्या निरोपांतले चाळीसेक प्रश्न, नावे काढून, आम्ही बाजूला ठेवले आहेत. त्यात मामांचा तो निरोप आहे, परवा आहे, देव जाणेही आहे. वर्णनातला एक शब्द हलवला तरी ते सगळे पुन्हा चालवतो, आणि उत्तर गोड आले का यापेक्षा कोणते टूल कोणती माहिती भरून मागितले गेले ते पाहतो. एक दुरुस्त करताना दुसरे मोडते, हे त्यातूनच दिसते.

गेल्या महिन्यात गावी गेलो होतो तेव्हा गाडीचे वर्णन आप्पांना वाचून दाखवले. ते आता शेतात फारसे जात नाहीत. ओट्यावर खाटेवर बसून ऐकत होते. 'होकार घ्यावा' इथे त्यांनी मान डोलावली. मी पुढचे काही सांगणार तेवढ्यात त्यांनी विचारले, "आखाजीले टोळी ई का रे?"

मी गप्प झालो. आखाजीला गावात कोणी वावरात पाय ठेवत नाही, गाडी नोंदवली तरी घड कापायला माणूस मिळायचा नाही, आणि हे आमच्या टूलला, चाळीस प्रश्नांना आणि मला, कोणालाच सुचलेले नव्हते. खाटेच्या कडेला बसूनच मी लॅपटॉप उघडला. पोळ्याचेही लिही, म्हणाले, आणि दिवाळीच्या पाडव्याचे थांब, विचारून सांगतो, तो आता पूर्वीसारखा पाळत नाहीत.